रजिस्टर मागण्याआधी कॅज्युअल्टीत उभे राहून या

"ताई, एखाद्या सरकारी हॉस्पिटलचा इमर्जन्सीचा डेटा कुठे मिळेल? एक्सेलमध्ये असला तर बरं."

पीएचडीचा सिनॉप्सिस लिहायला घेतलेल्या ज्युनियर्सकडून हा प्रश्न मला सारखा येतो. विषय बहुतेक वेळा चांगलाच असतो. सर्पदंशाचे पेशंट किती उशिरा पोचतात, अपघातातल्या जखमींना पहिले उपचार मिळायला किती वेळ लागतो, रात्री किती जणांना पुढे रेफर करतात, असं काहीतरी. विचारणारा संख्याशास्त्राचा, लाइफ सायन्सचा नाहीतर कॉम्प्युटरचा असतो. त्याला आर किंवा पायथॉन येत असतं, आणि रजिस्टर हातात पडलं की दोन आठवड्यांत मॉडेल बसवू, असा त्याचा हिशोब असतो.

माझं उत्तर दरवेळी एकच. डेटा मिळेल, पण त्याआधी रीतसर परवानगी काढून तीन-चार वेळा तिथे जाऊन नुसते उभे राहा. हे ऐकून पलीकडे जरा शांतता पसरते, कारण आपल्याला वाटतं की हे समाजशास्त्रवाल्यांचं काम. मीही संख्याशास्त्रातलीच आहे, डॉक्टर नाही. तरी सांगते, त्या खोलीत काय चालतं ते न बघता तिथल्या रजिस्टरवर मॉडेल बसवलं, तर उत्तर नुसतं ढोबळ येत नाही, उलटं येऊ शकतं. कसं, ते बघू.

आधी जागा. मोठ्या शहरातलं मेडिकल कॉलेज डोळ्यांसमोर आणू नका. तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय घ्या, ज्याला सगळे 'आरएच' म्हणतात. सरकारी निकषांप्रमाणे ३० खाटा, सपाट भागात साधारण १ लाख २० हजार लोकसंख्येसाठी एक, आदिवासी आणि डोंगराळ भागात ८० हजारांसाठी एक, आणि त्याच्याखाली चार प्राथमिक आरोग्य केंद्रं. मी बघितलेली कॅज्युअल्टी म्हणजे दाराजवळची एकच खोली. दोन कॉट, एक स्ट्रेचर, ऑक्सिजनचा सिलेंडर, ड्रेसिंगची ट्रॉली, भिंतीवर घड्याळ, टेबलावर रजिस्टर. रात्री एक मेडिकल ऑफिसर, एक सिस्टर किंवा ब्रदर, एक शिपाईमामा. केसपेपर काढायची खिडकी बाहेर, व्हरांड्याच्या टोकाला. ही खिडकी लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

आता एक पेशंट आत येताना बघा. पावसाळ्यातली संध्याकाळ आहे. मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून एका माणसाला आणलंय, पायाला साप चावलाय, पोटरीला घट्ट दोरी बांधलीय. हल्ली अशी दोरी बांधू नका असं सांगितलं जातं, तरी बांधलेली असते. सिस्टर आधी चेहरा बघतात. पापण्या जड झाल्यात का, बोलता येतंय का, श्वास कसा आहे. डॉक्टर विचारतात, कधी चावला? नातेवाईक सांगतात, "दिवेलागणीला." दुसरा म्हणतो, "नाही, त्याच्या आधी, धार काढायच्या टायमाला." डॉक्टर पाय बघत असतात, सिस्टर सलाईन लावत असतात. रक्त काढून साधारण दोन मिली एका कोरड्या काचेच्या नळीत ठेवतात. नळी न हलवता २० मिनिटं तशीच ठेवायची आणि मग तिरकी करून बघायची. रक्त गोठलं नसेल तर घोणस किंवा फुरशासारख्या सापाचं विष अंगात भिनलंय असं धरून प्रतिविष सुरू करायचं. नळी काचेचीच लागते, कारण रक्त गोठण्याची क्रिया काचेच्या पृष्ठभागामुळे सुरू होते. प्लास्टिकच्या नळीत किंवा साबणाचा अंश राहिलेल्या नळीत ही चाचणी फसते. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर मिळून एकच असतं, त्यामुळे साप ओळखला नाही तरी अडत नाही.

या सगळ्या धावपळीत एक नातेवाईक केसपेपर काढायला व्हरांड्याच्या टोकाला गेलेला असतो. तो परत येतो, केसपेपर टेबलावर ठेवतो. पेशंट जरा स्थिर झाला की सिस्टर रजिस्टर ओढून नोंद करतात. नाव, वय, गाव, आल्याची वेळ, दंशाची वेळ, उपचार. आणि 'दिवेलागणीला'चे ७.०० होतात.

आता त्याच संध्याकाळी आलेला दुसरा पेशंट घ्या. हाताला विळा लागलाय, रक्त थांबलंय, ड्रेसिंग आणि धनुर्वाताचं इंजेक्शन हवंय. त्याला सिस्टर सांगतात, "आधी केसपेपर काढून आणा." तो रांगेत उभा राहतो, कागद घेऊन येतो, रजिस्टरमध्ये नोंद होते आणि मग ड्रेसिंग.

फरक दिसला का? हलक्या पेशंटची नोंद उपचाराच्या आधी झाली, गंभीर पेशंटची नंतर. यात कुणाची चूक नाही. जीव जात असताना रजिस्टर भरत बसलेली सिस्टर कुणालाच नको असते. पण तुमच्या एक्सेलमध्ये 'आगमन वेळ' नावाचा एकच कॉलम येतो आणि त्यात दोन वेगळ्या गोष्टी भरलेल्या असतात. हलक्या पेशंटसाठी ती दारात आल्याच्या जवळपासची वेळ असते. गंभीर पेशंटसाठी कधी अंदाजाने मागे जाऊन लिहिलेली वेळ, तर कधी चक्क कागद हातात आल्याची वेळ असते. 'आगमनापासून उपचारापर्यंतचा वेळ' काढलात की गंभीर पेशंटचा वेळ खऱ्यापेक्षा कमी दिसणार. काही ठिकाणी तर उणे येईल, आणि तुम्ही ती ओळ 'डेटा एंट्रीची चूक' म्हणून काढून टाकाल. म्हणजे सगळ्यात घाईने ज्यांना हात लावला गेला, नेमके तेच पेशंट तुमच्या अभ्यासातून बाहेर!

संख्याशास्त्राच्या भाषेत, मोजण्यातली चूक आजाराच्या तीव्रतेवर अवलंबून आहे. चूक सगळीकडे सारखी पसरलेली असती तर नमुना मोठा घेऊन थोडंफार भागवता आलं असतं. इथे पाच हजार नोंदी घेतल्या तरी उत्तर चुकीच्याच दिशेला जास्त ठामपणे सरकत जाणार.

याचा एक छोटा तपास आहे, रजिस्टर मिळालं की पहिल्याच दिवशी करा. मिनिटांचे आकडे घेऊन त्यांचा आलेख काढा. लोक खरोखर घड्याळात बघून लिहीत असतील तर ०० पासून ५९ पर्यंत आकडे साधारण सारखे पसरतील. ००, १५, ३० आणि ४५ वर खांब उभे राहिले तर वेळा अंदाजाने लिहिल्यात. हाच आलेख हलक्या आणि गंभीर पेशंटचा वेगवेगळा काढा. आणि १०८ च्या गाडीने आलेल्यांचा आणखी वेगळा. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ पासून आहे. कॉल आल्याची वेळ त्यांच्याकडे स्वतंत्र नोंदलेली असते, म्हणजे पडताळून बघायला दुसरं घड्याळ मिळतं. एमएलसीच्या नोंदीही बघा. मी बघितलं तिथे त्या जास्त जपून लिहिलेल्या होत्या, कारण उद्या तो कागद कोर्टात जाऊ शकतो. आणि सगळ्यात अचूक वेळ कुठली होती सांगू? ती काचेची नळी ठेवल्याची! तिच्यासाठी प्रत्येक जण भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता.

आता दुसरी गोष्ट. तुम्ही म्हणाल, ठीक आहे, रजिस्टरवर विश्वास नको, आम्ही तिथे उभे राहून डोळ्यांनी बघू. बघा, पण डोळेही फसवतात, आणि कसे फसवतात ते आधीच माहीत असलेलं बरं.

समजा एका संध्याकाळी सहा पेशंट आले. पाच जण ड्रेसिंगचे, प्रत्येकाला १० मिनिटं लागली. एक सर्पदंशाचा, तो तीन तास, म्हणजे १८० मिनिटं खोलीत होता. रजिस्टरमध्ये सर्पदंश सहापैकी एक. पण खोलीत 'पेशंट असण्याची' एकूण मिनिटं २३०, त्यातली १८० एकट्या सर्पदंशाची. त्यामुळे मधल्याच कुठल्यातरी क्षणी आत डोकावून तुमची नजर एका पेशंटवर पडली, तर तो सर्पदंशाचा असण्याची शक्यता जवळजवळ ७८ टक्के. बाहेर येऊन तुम्ही डायरीत लिहिणार, "इथे बहुतेक गंभीर केसेस असतात." जो जास्त वेळ थांबतो तो जास्त वेळा दिसतो, इतकं साधं कारण आहे. बसस्टॉपवर आपल्याला नेहमी मोठंच अंतर वाट्याला का येतं, त्याचंही हेच गणित.

यावर तोडगा म्हणजे दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजायच्या. दारात बसून आत येणारे मोजा, तो झाला येण्याचा दर. आणि दर १५ मिनिटांनी आत किती डोकी आहेत ती मोजा, त्यांची सरासरी काढा. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागलं की एक पेशंट सरासरी किती वेळ थांबतो ते मिळतं. तासाला सहा येत असतील आणि आत सरासरी चार असतील, तर चार भागिले सहा, म्हणजे ४० मिनिटं. कुणाच्या मागे स्टॉपवॉच घेऊन फिरायला नको, कुणाचं नाव विचारायला नको, रजिस्टरला हात लावायला नको. याला लिटलचा नियम म्हणतात. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये तो सिद्ध केला. बँकेच्या रांगेपासून कारखान्यापर्यंत सगळीकडे चालतो, कारण लोक कुठल्या पद्धतीने येतात याची त्यात अटच नाही. एवढंच बघा की मोजायला सुरुवात करताना आणि थांबवताना खोली जवळपास रिकामी असावी, नाहीतर आधीपासूनचे आणि मागे उरलेले पेशंट हिशोब बिघडवतात. आणि मिळते ती सरासरी. वरच्या उदाहरणातली सरासरी साधारण ३८ मिनिटं येते, पण ३८ मिनिटं थांबलेला एकही माणूस त्या संध्याकाळी नव्हता.

क्रमाचंही तसंच. रजिस्टरमधला क्रम ना येण्याचा असतो, ना उपचाराचा. जखमींना हुद्द्याप्रमाणे नाही, तर जखमेच्या गांभीर्याप्रमाणे बघायचं, ही पद्धत रूढ करण्याचं श्रेय नेपोलियनच्या सैन्यातले शल्यचिकित्सक लारे यांना देतात. मोठ्या हॉस्पिटलात त्यासाठी लाल, पिवळा, हिरवा असे भाग पाडलेले असतात. आरएचमध्ये ते काम सिस्टरांच्या एका नजरेत होतं आणि कुठेही लिहिलं जात नाही.

इथपर्यंत आत आलेल्यांबद्दल बोललो. जे आत येतच नाहीत त्यांचं काय? माझ्या मते या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच, आणि सिनॉप्सिसमध्ये सगळ्यात कमी जागा यालाच मिळते.

तुमच्या रजिस्टरमध्ये गावांची नावं आहेत. तुम्ही अंतरं काढता, गांभीर्याशी जोडता, आणि दिसतं की लांबच्या गावचे पेशंट जास्त गंभीर. निष्कर्ष तयार असतो: लांबून यायला उशीर होतो, म्हणून तब्येत बिघडते. खरंही असेल. पण जरा विचार करा. जवळच्या गावातला माणूस साध्या खरचटण्यालाही येतो. ३० किलोमीटरवरच्या वाडीतला माणूस खरचटलं म्हणून येत नाही. हळद लावतो आणि कामाला जातो. तो येतो तेव्हा हात मोडलेला असतो. म्हणजे वाटेत कुणाचीही तब्येत तसूभर बिघडली नाही तरी रजिस्टरमध्ये लांबचे पेशंट जास्त गंभीरच दिसणार. हॉस्पिटलच्या दारातून आत आलेल्यांपुरतं बघितलं की दोन गोष्टींमध्ये नसलेलं नातं तयार होतं, हे मेयो क्लिनिकच्या जोसेफ बर्कसन यांनी १९४६ मध्ये दाखवून दिलं. पाठ्यपुस्तकात हे एका परिच्छेदात संपतं. तुमच्या प्रबंधात ते अख्खं प्रकरण उलटवू शकतं.

सर्पदंशाच्या बाबतीत तर हा फरक भयंकर आहे. घरोघर जाऊन, झालेल्या मृत्यूंची कुटुंबीयांकडून माहिती घेऊन कारण ठरवणारा एक मोठा देशव्यापी अभ्यास झाला, मिलियन डेथ स्टडी. त्याच्या आधारे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज असा, की भारतात २००५ साली सर्पदंशाने सुमारे ४६ हजार माणसं गेली. हॉस्पिटलांकडून जमा होणाऱ्या अधिकृत आकड्याच्या तीसपटीहून जास्त! आणि त्या सर्वेक्षणातल्या सर्पदंशाच्या मृत्यूंपैकी हॉस्पिटलात झालेले जेमतेम २३ टक्के. बाकीचे घरी, शेतात, वाटेत, मांत्रिकाकडे. त्यातलं कुणीही कुठल्याच कॅज्युअल्टीच्या रजिस्टरमध्ये नाही. तेव्हा रजिस्टरवरून 'सर्पदंशाचा मृत्युदर' असं शीर्षक देण्याआधी थांबा. तुम्ही काढताय तो पोचलेल्यांचा मृत्युदर. शिवाय रेफर केलेले पेशंट पुढे जगले की गेले हे त्याच रजिस्टरमध्ये कळत नाही, आणि डामा, म्हणजे डॉक्टरांचा सल्ला न मानता घरी नेलेल्यांचंही नाही. या दोन्ही रकान्यांना 'बरे झाले' समजून चालणारे प्रबंध मी वाचलेत.

मग अशा ठिकाणी चांगलं संशोधन होतच नाही का? होतं. आणि त्याचं आपल्याकडचं उदाहरण कुठल्या मोठ्या प्रयोगशाळेतलं नाही. डॉ. हिम्मतराव बावस्कर रायगड जिल्ह्यात महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. कोकणातला लाल विंचू चावलेले पेशंट, त्यांत मुलंही, डोळ्यांदेखत दगावत होती. त्या विषामुळे शरीरातली ताणाची संप्रेरकं एकदम उसळतात, रक्तदाब चढतो, मग हृदय थकतं आणि फुप्फुसांत पाणी भरतं. बावस्करांनी पेशंटच्या कॉटशेजारी थांबून लक्षणं नोंदली. उलट्या, दरदरून घाम, गार पडणारे हातपाय, आणि हे सगळं दंशानंतर किती वेळाने. धोक्याची सूचना देणाऱ्या या लक्षणांवरचा त्यांचा लेख १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. रक्तवाहिन्या सैल करणारं प्राझोसिन हे औषध वापरल्याचे निष्कर्ष १९८६ मध्ये, डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह, त्याच नियतकालिकात. पुढे २०११ मध्ये 'बीएमजे'मध्ये ७० पेशंटांवरची चाचणी आली. नुसतं प्राझोसिन आणि प्राझोसिन अधिक विंचवाचं प्रतिविष, यांत दुसऱ्या गटातले पेशंट लवकर बरे झाले. नमुना फक्त ७०, पण प्रत्येकाची वेळ आणि लक्षणं कॉटशेजारी लिहिलेली. पाच हजार ओळींच्या उसन्या रजिस्टरपेक्षा मला हा डेटा हवासा वाटतो.

आता तिथे वागायचं कसं, थोडक्यात. पांढरा ॲप्रन घालू नका. लॅबची सवय म्हणून आपण घालतो, पण कॅज्युअल्टीत ॲप्रन म्हणजे डॉक्टर. एखादी बाई तुमचा हात धरून म्हणेल, "मॅडम, जरा बघा ना ह्यांच्याकडे." तेव्हा "मी डॉक्टर नाही, सिस्टरांना बोलावते" एवढं म्हणून खरोखर बोलवायला जा. वहीत मान घालून बसू नका. स्ट्रेचर, दार आणि ऑक्सिजन यांच्या मध्ये उभे राहू नका. रजिस्टरचा मोबाईलवर फोटो काढू नका, कुणी "काढा हो" म्हणालं तरी. त्यात नावं, गावं, विष घेतल्याच्या नोंदी, मारहाणीच्या नोंदी असतात, आणि तालुक्याच्या गावात वय आणि वाडी एवढ्यावरूनही माणूस ओळखू येतो. पहिल्या दिवशीची निरीक्षणं विश्लेषणात धरू नका. कुणीतरी बघतंय म्हटल्यावर माणसं वेगळी वागतात. चौथ्या दिवशी शिपाईमामा चहाला तुमचाही कप सांगतात, तिथपासून मोजा.

परवानगीचं मात्र मनावर घ्या. आयसीएमआरची २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं मुळातून वाचा. ओळख काढून टाकलेल्या जुन्या नोंदी वापरायच्या असतील तर संमतीतून सूट मिळू शकते, पण ती द्यायची की नाही हे एथिक्स कमिटी ठरवते, तुमचे गाइड नाहीत. समोर वेदनेत असलेल्या माणसाकडून घेतलेली सही ही संमती असते का, हा प्रश्न कमिटी विचारणारच, त्याचं उत्तर तयार ठेवा. कमिटीनंतर जिल्ह्याच्या सिव्हिल सर्जन कार्यालयाचं पत्र, मग आरएचच्या वैद्यकीय अधीक्षकांची भेट. अर्जात 'डेटा हवा आहे' असं मोघम लिहू नका. कुठलं रजिस्टर, कुठले रकाने, कुठले महिने, नावं कशी झाकणार, हे लिहा. एक-दोनदा जाऊन आलेला माणूस आणि न गेलेला माणूस यांतला फरक त्या एका पानावर कळतो.

या सगळ्याला महिने जातात. सर्पदंशाचे मृत्यू जून ते सप्टेंबर या काळात सगळ्यात जास्त होतात. यंदाचा पावसाळा गाठायचा असेल तर कमिटीकडचा अर्ज होळीच्या आधी गेलेला बरा.